प्रश्नाची भाषा: सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गातील मानसशास्त्राच्या अध्यापनाचे एक परीक्षण

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत मानसशास्त्राला आता निश्चित स्थान मिळालेले आहे. रोगाचा प्रश्न हा जंतूंचा, पाण्याचा आणि अन्नाचा जसा आहे, तसाच तो माणसाच्या वागण्याचा आणि वाटण्याचाही आहे, ही गोष्ट आज कोणास पटवून द्यावी लागत नाही. तेव्हा हा विषय शिकवावा की नाही, हा वाद आता उरलेला नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. हे मानसशास्त्र आपण ज्या रीतीने शिकवितो, त्या रीतीने शिकलेला विद्यार्थी धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या घराच्या ओसरीवर बसून तेथील माणसास त्याच्या मनाविषयी एक प्रश्न नीट विचारू शकतो काय?

लेखक मानसशास्त्रज्ञ नाही, वैद्यही नाही. तो भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे. परक्या क्षेत्रात शिरल्याचा दोष त्यामुळे त्याजकडे येतो, आणि तो मान्य आहे. परंतु मनाची चौकशी ही बहुतांशी भाषेच्याच द्वारे होते. नाडी हाताने पाहता येते, रक्तदाब यंत्राने मोजता येतो. दुःख मात्र विचारावे लागते आणि ऐकावे लागते. जेथे विचारणे व ऐकणे हेच साधन आहे, तेथे त्या साधनाची परीक्षा करण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकास थोडाफार असावा.

१

उदाहरणासाठी धाराशिव जिल्हा निवडण्यास कारणे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. सास्तूर आणि त्याच्या आसपासच्या गावांतील वडीलधारी माणसे आजही आपल्या आयुष्याची कालगणना ‘भूकंपाच्या अगोदर’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी करतात. पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न उभा राहिला. २०१५-१६ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने १४ जिल्ह्यांसाठी जो प्रेरणा प्रकल्प हाती घेतला, त्यात मराठवाड्यातील आठही जिल्हे होते. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची जी निवड केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी हा एक होता. म्हणजे मनाच्या आरोग्याची चौकशी करणारी माणसे या जिल्ह्यात वारंवार येत राहिली आहेत.

शिकण्याच्या दृष्टीनेही हा प्रदेश रिकामा नाही. तुळजापूर येथे टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल आहे. अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवून तयार केले. जिल्ह्याच्या वेशीपासून फार दूर नसलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जो प्रकल्प आरंभिला, त्याची कीर्ती तर देशाबाहेर गेलेली आहे. क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थ्यास येथे जागेची वाण नाही.

आणि भाषेच्या दृष्टीने हा जिल्हा विशेष लक्ष वेधून घेतो. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचा भाग होता. दप्तराची आणि शिक्षणाची भाषा दीर्घकाळ उर्दू होती. दक्षिणेस कानडीची सीमा आहे, तांड्यांवर लमाणी बोलली जाते, मुसलमान घरांतून दखनी आहे. मराठी ही सर्वांची व्यवहारभाषा खरी. पण ती पुस्तकातील मराठी नव्हे.

२

आता वर्गाकडे वळू. पदव्युत्तर विद्यार्थ्यास मानसशास्त्राची ओळख प्रथम होते ती परिभाषेच्या द्वारे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने ज्ञानशाखांचे परिभाषा कोश सिद्ध केले. मानसशास्त्राचाही कोश त्यांत आहे. या कार्याचे मोल कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. मराठीतून शास्त्र लिहावयाचे तर स्थिर संज्ञा हव्यातच. परंतु संज्ञा आणि बोली यांचे नाते शिकविले नाही, तर काय होते ते पाहावे.

मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘वेदन’ म्हणजे इंद्रियांना होणारी प्राथमिक जाणीव आणि ‘संवेदन’ म्हणजे त्या जाणिवेचा अर्थ लागणे. व्यवहारात मात्र ‘वेदना’ म्हणजे दुखणे आणि ‘संवेदना’ म्हणजे सहानुभूतीच्या जवळचे काहीतरी. ‘अभिवृत्ती’ हा शब्द तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर क्वचितच उच्चारला जातो. विद्यार्थी या संज्ञांच्या व्याख्या बिनचूक लिहितो. मात्र त्याला एका शेतकरी बाईची ‘अभिवृत्ती’ जाणून घेण्यास सांगितले, की तो घुटमळतो. असा अनुभव लेखकास एका पदव्युत्तर वर्गात आला. विद्यार्थ्यांना ‘नैराश्य’ या संज्ञेची लक्षणे विचारली, ती त्यांनी क्रमाने सांगितली. नंतर ‘तुमच्या आजीला हे झाले असते, तर तिने ते कोणत्या शब्दांत सांगितले असते?’ असे विचारले. वर्ग बराच वेळ गप्प राहिला. मग मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, ‘ती म्हणाली असती, मला करमंना.’

हा ‘करमंना’ त्या दिवशीच्या फळ्यावर नव्हता. वस्तुतः पाठाचा आरंभच तेथून व्हावयास हवा होता.

३

‘करमणे’ हे क्रियापद मराठीच्या अभ्यासकास मोठे रोचक आहे. त्याला कर्ता नाही. ‘मी करमतो’ असे कोणी म्हणत नाही. ‘मला करमत नाही’ असेच म्हणतात, आणि तेही बहुधा नकारार्थी. ज्याला ते घडते, तो चतुर्थीत उभा असतो. आणि हा अपवाद नव्हे. मनाच्या अवस्था सांगण्याची मराठीची ही नेहमीची रीतच आहे.

स्थूलमानाने या रीतीचे चार प्रकार करता येतील. पहिला प्रकार ‘येणे’ या क्रियापदाचा: राग येतो, रडू येते, टेन्शन येते. येथे अवस्था बाहेरून येते, तशी ती जातेही; ताप, घाम आणि झोप यांच्याच पंक्तीला ती बसते. ‘टेन्शन’ हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण मराठीत येताच त्याने हे व्याकरण निमूटपणे स्वीकारले. दुसरा प्रकार ‘वाटणे’चा: भीती वाटते, वाईट वाटते. तिसऱ्या प्रकारात माणूस बाजूला राहतो आणि त्याचा एखादा अंश वाक्याचा कर्ता होतो: जीव घाबरतो, मन लागत नाही, काळीज धडधडते, डोके चालत नाही. चौथा प्रकार याच्या अगदी उलट आहे; त्यात माणूस स्वतःच कर्ता होतो: त्याने धसका घेतला, तिने हाय खाल्ली, तू मनाला लावून घेतलेस. येथे दुःख ही घेण्याची, खाण्याची वस्तू झाली. आणि जी वस्तू घेतली, ती न घेण्याचीही मुभा होती, असा सूर त्यात आपोआप मिसळतो. म्हणूनच ‘मनाला लावून घेऊ नका’ हा आपल्याकडील सर्वांत प्रचलित मानसोपचार आहे, आणि म्हणूनच तो पुष्कळदा दुःखिताला दोष दिल्यासारखा लागतो.

हे चारही प्रकार एकच गोष्ट सांगत नाहीत. पहिल्या तिहींत माणूस भोगणारा असतो. चौथ्यात तो जबाबदार ठरतो. भूकंपानंतर ज्याने ‘धसका घेतला’ असे गाव म्हणते आणि ज्याचा ‘जीव घाबरतो’ असे तो स्वतः म्हणतो, तो माणूस एकच असू शकतो. गावाच्या वाक्यातून दोष दिसतो, त्याच्या वाक्यातून पीडा. क्षेत्रकार्य करणाऱ्याने कोणाचे वाक्य टिपून घेतले, यावर त्याच्या अहवालाचा सूर ठरतो. हा भेद ओळखण्याचे शिक्षण मानसशास्त्राच्या किती वर्गांतून दिले जाते?

याच संदर्भात ‘कायिकीकरण’ या संज्ञेचा विचार करावा. ग्रामीण रुग्ण मनाचे दुःख शरीराच्या तक्रारीने सांगतो, असे विद्यार्थ्यांस शिकविले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु आपल्या दवाखान्यांतून पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ‘काय होतंय?’ मराठीत ‘होणे’ हे क्रियापद रोगाकडे आणि शरीराकडे ओढ घेते: खोकला झाला, काविळ झाली, पोटात कसेतरी होते. ज्या प्रश्नात ‘होणे’ आहे, त्याचे उत्तर अंगाच्याच शब्दांत येणार. ‘मला करमत नाही’ हे ‘काय होतंय?’ या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीनेच अवघडल्यासारखे होते. तेव्हा जे आपण रुग्णाच्या मनोरचनेवर लादतो, त्याचा काही भाग विचारणाऱ्याच्या क्रियापदात असण्याचा संभव आहे. मार्क निक्टर यांनी १९८१ मध्ये दक्षिण कन्नड भागातील स्त्रियांच्या अभ्यासावरून हे दाखविले, की दुःख प्रकट करण्याच्या रूढ वाटा प्रत्येक समाजात असतात आणि त्या त्या समाजाच्या संदर्भातच वाचाव्या लागतात. त्या वाटा क्रियापदांतूनही जातात, एवढेच येथे जोडावयाचे आहे.

४

या विवेचनाची खरी कसोटी लागते ती प्रश्नावलीपाशी. क्रोएंके, स्पिट्झर व विल्यम्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली नऊ प्रश्नांची नैराश्य-प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत नऊ तक्रारींपैकी प्रत्येकीचा त्रास किती दिवस झाला, हे विचारून ० ते २७ पर्यंत गुण दिले जातात. तिचे पहिले दोन प्रश्न आशा कार्यकर्तीच्या हातातील सर्वेक्षण-तक्त्यातही येऊन पोहोचले आहेत. साधन सोपे आहे, आणि त्याची उपयुक्तता अनेक देशांत तपासली गेली आहे. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती ते शिकविण्याच्या पद्धतीविषयी. प्रश्नावली वाचून दाखविणे आणि प्रश्न विचारणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे विद्यार्थ्यास सांगितले जात नाही.

पहिला प्रश्न कामांत रस किंवा आनंद कमी वाटतो काय, या आशयाचा आहे. शब्दशः मराठी केले, तर पहाटेपासून राबणारी बाई गोंधळते. खुरपणीत आनंद मानावयाचा असतो, हे तिला कोणी कधी सांगितलेले नाही. तिला ‘कशात मन लागंना झालंय का? अन्न गोड लागतंय का?’ असे विचारले, तर ती क्षणभर थांबते आणि बोलू लागते.

येथे व्याकरणाचे एक सूक्ष्म साहाय्य आपल्या हाताशी आहे. ‘झोप येत नाही’ आणि ‘झोप येईना’ या वाक्यांत अंतर आहे. पहिले वाक्य सवय सांगते. ते वर्षानुवर्षांचेही असू शकते. दुसऱ्यात इच्छा असून न घडण्याचा भाव आहे, आणि ते आत्ताचे आहे. ‘झोप येईनाशी झाली’, ‘अन्न जाईनासे झाले’, ‘जीव नकोसा झाला’ या रचनांत तर पूर्वी असे नव्हते, हेही अनुस्यूत आहे. निदानशास्त्र जो भेद तपासू पाहते, म्हणजे पूर्वीच्या अवस्थेहून झालेला बदल, तो मराठीने आपल्या क्रियारूपांत आधीच नोंदविलेला आहे. ज्या विद्यार्थ्यास ‘येत नाही’ व ‘येईना’ यांतील फरक ऐकू येत नाही, तो ही माहिती फुकट घालवितो.

‘दोन आठवडे’ आणि ‘निम्म्याहून अधिक दिवस’ या मापांचेही तेच. गावात दिवस मोजले जातात ते आठवडी बाजाराने, अमावास्या-पौर्णिमेने, पेरणी-फवारणीने. ‘मागल्या दोन बाजारांपासून’ असे विचारले, की काळाचे तेच अंतर ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या खुणांनी आखले जाते.

सर्वांत गंभीर बाब नवव्या प्रश्नाची. मरण बरे वाटणे किंवा स्वतःस इजा करून घ्यावीशी वाटणे, याविषयी तो आहे. पुष्कळ विद्यार्थी हा प्रश्न भीतीपोटी पुटपुटतात किंवा गाळतात. थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत संशोधनात खरी ठरलेली नाही. हे वर्गात निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. तसेच, उत्तर सरळ शब्दांत येईलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘देवानं न्यावं आता’, ‘सुटका झाली म्हंजे बरं’, ‘जगून काय करायचं’, अशी वाक्ये म्हातारपणीच्या सहज उद्गारांतही असतात आणि मरणाच्या उंबरठ्यावरही असतात. त्यांतील भेद स्वर, प्रसंग आणि पुढचा प्रश्न यांवरूनच कळतो. पुढचा प्रश्न न विचारणाऱ्यास तो कळणार नाही.

एक शब्द येथे मुद्दाम नोंदवावासा वाटतो. तो म्हणजे ‘औषध’. शेतकऱ्याच्या बोलीत पिकावर फवारावयाचे कीटकनाशक हेही ‘औषध’च असते. ‘त्याने औषध पिले’ या वाक्याचा अर्थ मराठवाड्यात कोणास समजावून द्यावा लागत नाही. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यास मात्र तो द्यावा लागतो. ‘घरात औषध हाय’ हे वाक्य ऐकून ज्याने समाधानाने ‘उपचार चालू’ अशी नोंद केली, त्याने कदाचित धोक्याची सूचना हातची घालविली. व्याख्या चुकल्यास गुण जातात. हा शब्द चुकल्यास माणूस जाऊ शकतो.

५

आरोग्य-वर्तनाची जी प्रतिमाने वर्गात शिकविली जातात, त्यांनाही हाच न्याय लावावा. आरोग्यविश्वासाचे प्रतिमान हॉकबाम, रोझेनस्टॉक प्रभृतींनी १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत असताना मांडले. क्षयरोगाची छातीची तपासणी उपलब्ध असूनही लोक ती करून का घेत नाहीत, या अगदी व्यावहारिक कोड्यातून ते निघाले. आपणांस रोग होईल असे माणसास किती वाटते, तो किती गंभीर वाटतो, उपायाचा लाभ काय आणि अडचणी कोणत्या, हे त्याचे मुख्य घटक. विद्यार्थी हे घटक पाठ करतो. ते एका ठिकाणच्या प्रश्नाला शोधलेले उत्तर होते, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते.

आता ‘तुम्हाला क्षय होण्याचा संभव किती वाटतो?’ हा प्रश्न आपल्या गावात विचारून पाहावा. उत्तर बहुधा ‘वाईट बोलू नये’ असे येईल. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो, हा संस्कार घराघरांत आहे. अशुभाचा उच्चार हे त्यास दिलेले आमंत्रण मानले जाते. येथे रोगाची जाणीव नाही असे मुळीच नव्हे. उच्चाराला बंदी आहे. हाच प्रश्न ‘शेजारच्या गल्लीत कोणाला झाला, तर त्याला कशाने झाला असेल?’ असा तिऱ्हाईतावर घातला, की जाणीव भडभडा बाहेर येते. शिवाय ‘अडचण’ हा घटकही एकट्या माणसाचा नसतो. ‘मी तपासणीला येईन’ असे म्हणण्यापूर्वी सुनेला सासूस, सासूला मुलास आणि मुलाला सालगड्याच्या कामास विचारावे लागते. अशा घरात ‘तुमचा निर्णय काय?’ या वाक्यातील ‘तुमचा’ एकवचनी नसतो.

६

यावर काही आक्षेप संभवतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की प्रत्येक गावच्या बोलीप्रमाणे प्रश्न बदलत गेले, तर मोजमाप कशाचे करावयाचे? धाराशिवचा आकडा अमरावतीच्या आकड्याशी ताडून पाहता आला पाहिजे. अमरावती जिल्ह्यात राबविलेल्या विश्राम या कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. एवढी मोलाची गोष्ट सांगता आली ती समान मापामुळेच. हा आक्षेप मान्य आहे. छापील प्रश्नावलीचे शब्द कोणी मन मानेल तसे बदलू नयेत. परंतु मापाच्या आधी आणि मापाच्या नंतर जे संभाषण होते, त्यावर कोणाचे बंधन आहे? आणि मापच बदलावयाचे असेल, तर ते रीतसर तपासून बदलण्याचा मार्ग खुला आहे.

दुसरा आक्षेप बोलीच्या भाबड्या कौतुकाचा. ‘टेन्शन’ या एका शब्दात कर्ज, भांडण, झोप न येणे आणि गंभीर आजार हे सारेच कोंबले जाते. तेथे शास्त्राच्या संज्ञेवाचून निवड करता येत नाही. हेही खरे. बोली ही दार आहे, घर नव्हे. मात्र दाराशिवाय घरात शिरता येत नाही, आणि आपण विद्यार्थ्यास घराचा नकाशा देऊन दार दाखवावयाचे विसरलो आहोत.

तिसरा आक्षेप वेळेचा. त्याचे उत्तर क्रम बदलण्यात आहे. संज्ञा आधी आणि क्षेत्रकार्य शेवटी, हा आजचा क्रम. त्याऐवजी आरंभीच्या आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्यांकडून, त्यांच्या संमतीने, दुःख सांगण्याची वाक्ये जमवावीत; शब्द नव्हेत, पूर्ण वाक्ये. ती क्रियापदांप्रमाणे लावावीत. मग प्रत्येक वाक्याशेजारी शास्त्राची संज्ञा ठेवून कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे वर्गात तपासावे. परीक्षेत एक व्याख्या कमी करून एक संभाषण द्यावे आणि ‘आता पुढचा प्रश्न कोणता विचाराल?’ असे विचारावे. या कामी मानसशास्त्राच्या आणि भाषेच्या अध्यापकांनी एकत्र बसण्यास प्रत्यवाय नसावा. आपल्या विद्यापीठांतून हे दोन विभाग पुष्कळदा एकाच इमारतीत असतात.

जामखेडच्या प्रकल्पात ज्या स्त्रियांना ग्राम-आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले, त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या गोलाकार बसून, बोलून, एकमेकींस विचारून शिकल्या, आणि गावात जाऊन त्यांनी तशाच रीतीने विचारले. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास अक्षरे येतात, संज्ञा येतात, संख्याशास्त्रही येते. त्या बायकांना जे येत होते, तेवढे त्यास शिकविण्याची जबाबदारी अद्याप आपणांवर आहे. पुढील सत्राच्या पहिल्या तासाला ‘मानसशास्त्राची व्याख्या’ असे न लिहिता, फळ्यावर ‘मला करमंना’ एवढेच लिहून पाहावे आणि त्यातून काय निघते, ते या पत्रिकेच्या वाचकांनी कळवावे, अशी विनंती आहे.